पाणी असूनही कोरडे हायड्रंट : सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपपूर्व जलनियोजनाचा प्रकरण अभ्यास

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को शहर हादरले. भूकंपाचे केंद्र शहराच्या दक्षिणेला सुमारे ९५ किलोमीटरवर, सांताक्रूझच्या डोंगररांगेत लोमा प्रिएटा शिखराजवळ होते आणि त्याची तीव्रता ६.९ होती. शहराच्या उत्तर किनाऱ्यावरील मरिना भागात बीच आणि डिव्हिझाडेरो या रस्त्यांच्या चौकातील एक चार मजली लाकडी इमारत कोसळली आणि पेटली. अग्निशमन दलाने हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठी रस्त्यावर बसवलेले मोठे नळ, उघडले, पण त्यांतून पाणी आले नाही. पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यावरचे हायड्रंट कोरडे होते. मुख्यतः भूकंपानंतरच्या आगींसाठी म्हणून शहराने पाऊणशे वर्षांपूर्वी वेगळे बांधलेले जे उच्चदाब जाळे होते, त्याचेही या भागातील हायड्रंट कोरडेच निघाले. त्याच वेळी शहराच्या मध्यभागी ट्विन पीक्स टेकडीवरील, सुमारे चार कोटी लिटर क्षमतेच्या राखीव जलाशयातील पाणी जागच्या जागी होते.

पाण्याचा साठा शाबूत असताना नळ कोरडा पडणे ही विसंगती या प्रकरणाच्या मुळाशी आहे. भूकंपासाठी जलव्यवस्था सज्ज करणे म्हणजे मोठे साठे आणि मजबूत पाइप, असा सर्वसाधारण समज असतो. सॅन फ्रान्सिस्कोकडे दोन्ही होते, आणि तरीही तेथे जे घडले ते समजून घ्यायचे तर १९०६ पासून सुरुवात करावी लागते.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जमिनीच्या पोटातील लांब भेगेवर, जो भूकंप झाला, त्याची तीव्रता आजच्या अंदाजानुसार ७.९ च्या आसपास होती. शहराला पाणी पुरवणाऱ्या स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनी या खाजगी कंपनीची धरणे शहराच्या दक्षिणेला, भ्रंशाच्या अगदी कुशीत होती. सॅन अँड्रियासचे मातीचे धरण आणि क्रिस्टल स्प्रिंग्जचे काँक्रीटचे धरण टिकले. टिकल्या नाहीत त्या धरणांपासून शहरापर्यंत येणाऱ्या वाहिन्या. पिलार्सिटोसची वाहिनी बऱ्याच अंतरापर्यंत भ्रंशाला लागूनच टाकलेली असल्याने ती ठिकठिकाणी फाटली आणि चेपली गेली. क्रिस्टल स्प्रिंग्जची वाहिनी दलदलीवरून लाकडी घोड्यांवर (खांबांच्या उंच चौकटींवर) नेलेली होती, ती घोड्यांसकट आडवी झाली.

मात्र शहर जळाले ते केवळ या वाहिन्या तुटल्यामुळे, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल, कारण शहराच्या हद्दीतील वितरण जलाशयांत त्या पहाटे सुमारे ३० कोटी लिटर पाणी होते आणि आगींशी झुंजण्यास ते बरेच उपयोगी पडले असते. ते पाणी शहराच्या आतच वाया गेले. कंपनीचे मुख्य अभियंता हर्मन शुस्लर यांच्या नोंदींनुसार वितरण वाहिन्यांत सुमारे ३०० आणि घरांच्या नळजोडण्यांत सुमारे २३,२०० ठिकाणी तुटफूट झाली. ही तुटफूट सर्वत्र सारखी पसरलेली नव्हती, तर बुजवलेल्या ओढ्यांवर, भराव टाकून मिळवलेल्या किनाऱ्यावर आणि जुन्या दलदलींवर एकवटली होती. व्हॅलेन्शिया रस्त्यावर १८व्या आणि १९व्या रस्त्यांच्या दरम्यान जमीन बाजूला सरकली आणि तेथील मुख्य वाहिन्या तुटून कॉलेज हिल जलाशय रिकामा झाला. म्हणजे, दोन रस्त्यांमधल्या एवढ्याशा जमिनीने एका संपूर्ण भागाचे पाणी गिळले. पुढचे तीन दिवस आग पेटत राहिली आणि सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन यांनी समुद्राच्या पाण्यावर चालणारी वेगळी यंत्रणा उभारावी म्हणून भूकंपापूर्वी आग्रह धरला होता. ते स्वतः भूकंपात गंभीर जखमी झाले आणि चार दिवसांनी मरण पावले.

विसाव्या आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एक हायड्रंट मात्र चालू राहिला आणि त्याच्या पाण्यावर मिशन भागाचा बराच हिस्सा वाचला. आजही दर वर्षी १८ एप्रिलला त्याला सोनेरी रंग देतात. ही कृतज्ञता योग्यच आहे; परंतु नियोजन करणाऱ्याला त्यातून दिसते ते एवढेच की जाळ्याचा जो तुकडा तुटलेल्या भागापासून अलग राहिला, तो कामी आला.

हीच गोष्ट १९०८ मध्ये शहर अभियंता मार्सडेन मॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आराखड्यात मांडलेली दिसते. नागरिकांनी ५२ लाख डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि १९१३ पर्यंत पूरक जलपुरवठा यंत्रणा उभी राहिली. पिण्याच्या पाण्याशी संबंध नसलेले हे जाळे सर्वांत वर ट्विन पीक्सचा जलाशय (समुद्रसपाटीपासून सुमारे २३० मीटर), त्याखाली ॲशबरी टाकी (सुमारे १५० मीटर) आणि त्याखाली जोन्स स्ट्रीट टाकी (सुमारे ११२ मीटर) अशा उतरंडीवर बसवलेले आहे. ॲशबरी टाकी वरच्या दाबक्षेत्राला आणि जोन्स स्ट्रीट टाकी खालच्या दाबक्षेत्राला पाणी देते, तर ट्विन पीक्सचे पाणी व्हॉल्व्ह उघडून गरजेप्रमाणे खाली सोडता येते. पंपाची किंवा विजेची गरज नाही, सारे काम गुरुत्वाकर्षणाने होते. पाणी कमी पडल्यास किनाऱ्यावरील दोन उदंचन (पंपिंग) केंद्रे खाडीचे खारे पाणी जाळ्यात ढकलू शकतात आणि प्रत्येकाची क्षमता मिनिटाला सुमारे ३८,००० लिटर आहे. हायड्रंटच्या टोपीचा रंग पाहून तो कोणत्या साठ्यावर आहे हे जवानाला कळते : निळा म्हणजे जोन्स स्ट्रीट, लाल म्हणजे ॲशबरी, काळा म्हणजे ट्विन पीक्स. संकटाच्या वेळी नकाशा उघडावा लागू नये, हा विचार त्यामागे आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

या आराखड्यातील सर्वांत मोलाची कल्पना मात्र रंगांची किंवा टाक्यांची नव्हती. अभियंत्यांनी १९०६ मध्ये जमीन जिथे खचली वा सरकली त्या जागा नकाशावर आखून त्यांना ‘अशक्त क्षेत्रे’ असे नाव दिले. अशा क्षेत्रांतील जाळे बाहेरच्या जाळ्याला मोजक्याच ठिकाणी जोडायचे आणि त्या प्रत्येक जोडावर व्हॉल्व्ह ठेवायचा, जेणेकरून भूकंपात ते क्षेत्र फुटलेच तर व्हॉल्व्ह बंद करून उरलेल्या शहराचे पाणी वाचवता येईल. पाइपही जाड बिडाचे वापरले आणि वळणांवर व चढांवर सांधे सळयांनी जखडले. परंतु मजबुती कधीतरी अपुरी पडेल हे गृहीत धरूनच पुढची सोय केलेली होती. १९०८ च्या काळात हे धाडसाचे होते. कारण शहराचा कोणता भाग आपण आधी सोडून देणार, हे अधिकृत कागदावर लिहिणे कोणत्याही पालिकेला राजकीयदृष्ट्या सोपे नसते.

याशिवाय रस्त्यांच्या चौकांखाली भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. आज त्यांची संख्या १७० च्या वर आहे. बहुतेक टाक्यांत प्रत्येकी सुमारे २.८ लाख लिटर पाणी असते आणि त्या कोणत्याही वाहिनीला जोडलेल्या नसतात. चौकातील विटांच्या मोठ्या वर्तुळावरून त्या ओळखू येतात. जाळ्यात नसणे हाच त्यांचा गुण आहे : वाहिनी फुटल्याने टाकी रिकामी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता पुन्हा १९८९ च्या संध्याकाळकडे वळू. मरिनाची जमीन मोठ्या प्रमाणात पाण्यातून मिळवलेली आहे. १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनासाठी तेथील खाजणात वाळूमिश्रित गाळ उपसून भराव केला गेला होता. पाण्याने संपृक्त अशा सैल वाळूला वारंवार हादरे बसले की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि जमीन काही काळ घट्ट द्रवासारखी वागते. यालाच द्रवीकरण म्हणतात. अशा जमिनीतील बिडाचा पाइप वाकू शकत नाही, म्हणून तो तुटतो किंवा सांध्यातून निसटतो. मरिनाच्या पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यात नंतर सुमारे १२० ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. या एका लहानशा भागातील दुरुस्त्या उरलेल्या सर्व शहरातील दुरुस्त्यांपेक्षा कितीतरी अधिक होत्या. तेव्हा मरिनातील घरगुती जाळे कोरडे पडणे अपेक्षितच होते.

उच्चदाब जाळे मात्र मरिनामुळे कोरडे पडले नाही. ते फुटले मरिनापासून काही किलोमीटर दूर, मार्केट रस्त्याच्या दक्षिणेला, मिशन आणि हॉवर्ड या रस्त्यांच्या दरम्यान सेव्हन्थ स्ट्रीटवर. तेथे ३०० मिलिमीटर व्यासाची एक मुख्य वाहिनी तुटली. त्याच परिसरात काही हायड्रंट आणि त्यांच्या उपवाहिन्याही तुटल्या. खालचे दाबक्षेत्र एकसंध असल्याने जोन्स स्ट्रीट टाकीतील सुमारे २८ लाख लिटर पाणी या छिद्रांतून वाहू लागले आणि साधारण अर्ध्या तासात टाकी तळाला गेली. मरिनातील आगीला पाणी हवे होते त्या वेळी ते सेव्हन्थ स्ट्रीटवर वाहून गेले होते.

या क्षणी नियंत्रण कक्षासमोर एक खरोखर कठीण निर्णय होता. वरच्या टाकीचा आणि ट्विन पीक्सचा व्हॉल्व्ह उघडला असता तर खालच्या क्षेत्रात पुन्हा दाब आला असता. पण गळती कोठे आहे हे ठाऊक नसताना तसे करणे म्हणजे राखीव साठाही त्याच वाटेने घालवणे ठरले असते आणि मग वरचे क्षेत्रही उघडे पडले असते. गळती सापडून ती अलग होईपर्यंत वरचे पाणी खाली सोडायचे नाही असे ठरले. मागाहून या निर्णयावर टीका करणे सोपे आहे. मला तो योग्य वाटतो, कारण त्या संध्याकाळी आणखी किती आगी लागणार आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. प्रश्न असा की अशी निवड करण्याची वेळच का यावी. अशक्त क्षेत्र अलग करता यावे म्हणून व्हॉल्व्ह होते आणि ते कोठे आहेत हेही नकाशावर होते. परंतु कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा हे कळण्यासाठी आधी फूट सापडायला हवी होती, आणि ती सापडेपर्यंत माणसांनी रस्तोरस्ती फिरून पाहायचे होते. टाकी मात्र अर्ध्या तासाच्या हिशेबाने रिकामी होत होती. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या योजनेत जागा अचूक हेरलेली होती, पण वेळेचा हिशेब केलेला नव्हता. फुटलेला भाग बंद करून त्या रात्री जाळे पुन्हा भरण्यात आले, तोवर मरिनाची आग दुसऱ्याच पाण्याने आटोक्यात आली होती.

ते पाणी खाडीचे होते. ‘फिनिक्स’ ही अग्निशमन नौका मरिनाच्या धक्क्याला आली आणि तिच्या पंपांनी खाडीचे पाणी किनाऱ्यावर देण्यास सुरुवात केली. हे पाणी आगीपर्यंत नेले ते रस्त्यावर उलगडलेल्या पाच इंची नळ्यांनी आणि त्यांच्यावर बसवलेल्या सुट्या, उचलून नेता येतील अशा हायड्रंटांनी. ही वाहून नेण्याजोगी जलपुरवठा यंत्रणा दलातील वरिष्ठ अधिकारी फ्रँक ब्लॅकबर्न यांनी १९८० च्या दशकात विकसित केली होती. जमिनीखालचे जाळे फुटले तर जमिनीवर नवे जाळे अंथरायचे, इतकी ती साधी कल्पना होती. नळ्या वाहणारी वाहने, सुटे हायड्रंट आणि त्यांचा सराव केलेली माणसे, इतकेच तिला लागत होते. त्या संध्याकाळी वारा जवळजवळ पडलेला होता, ही गोष्ट या यशाच्या हिशेबात धरलीच पाहिजे. वाऱ्याच्या दिवशी त्याच लाकडी वस्तीत काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यास १९०६ चा अनुभव पुरेसा आहे.

भूकंपानंतरच्या काळात शहराने जे केले त्यातील काही भाग अपेक्षित असाच होता : टाक्यांची आणि उदंचन केंद्रांची भूकंपरोधक मजबुती, नव्या भूमिगत टाक्या, जुन्या वाहिन्यांची दुरुस्ती आणि व्हॉल्व्ह दूरनियंत्रणाखाली आणणे. यासाठी मतदारांनी २०१०, २०१४ आणि २०२० मध्ये भूकंप-सुरक्षा रोख्यांना मंजुरी दिली. या रोख्यांतील पैसा पोलीस आणि अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवरही खर्च होतो, त्यामुळे त्यांच्या एकूण रकमेवरून जलजाळ्यावरच्या खर्चाचा अंदाज करणे दिशाभूल करणारे ठरेल.

त्यापेक्षा महत्त्वाचा बदल प्रशासकीय होता आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. सुरुवातीपासून हे जाळे अग्निशमन दलाच्या ताब्यात होते. २०१० मध्ये त्याची मालकी आणि देखभाल शहराच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे, म्हणजे पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या खात्याकडे गेली. आग विझवणाऱ्यांकडे जाळ्याचा वापर राहिला आणि पाइप सांभाळणाऱ्यांकडे पाइप आले. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि ज्या दिवशी तो फिरवायचा त्याच दिवशी फिरत नाही, हे कोणताही पाणी खात्याचा फिटर सांगेल. व्हॉल्व्ह ठराविक मुदतीने फिरवून पाहण्याचे कंटाळवाणे काम ज्या खात्याच्या रोजच्या सवयीत आहे, त्याच्याकडे ही जबाबदारी जाणे तर्काला धरून आहे. अर्थात, हस्तांतराने एक नवा सांधाही तयार झाला : संकटाच्या घडीला व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम अग्निशमन दल देणार की आयोग, हे दोन्ही खात्यांच्या संयुक्त कार्यपद्धतीत आधीच निःसंदिग्धपणे लिहिलेले असावे लागते.

दुसरे मोठे काम शहराबाहेरच्या वाहिन्यांचे होते. १९३० मध्ये शहराने स्प्रिंग व्हॅली कंपनी विकत घेतली आणि १९३४ मध्ये सिएरा नेवाडातील हेच हेची जलाशयाचे पाणी शहराच्या बाजूला पोहोचले. सुमारे २७० किलोमीटरची ही व्यवस्था आता खाडी परिसरातील २७ लाख लोकांना पाणी पुरवते. १९०६ मध्ये दलदलीवरील घोड्यांवरून नेलेली वाहिनी कोसळली होती हे शहराला ठाऊक होते. तरीही १९२५ आणि १९३६ मध्ये टाकलेल्या दोन वाहिन्या खाडी ओलांडताना काही अंतर घोड्यांवरूनच नेल्या होत्या. इतका ताजा धडा वीस वर्षांत बाजूला पडतो, याचे मला नवल वाटते. बांधकामाचा खर्च आणि सोय यांपुढे स्मृती फार काळ टिकत नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण देता येते.

२००२ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे सुमारे ४८० कोटी डॉलरपर्यंत गेलेल्या सुधारणा कार्यक्रमात या वाहिन्यांना पर्याय म्हणून खाडीच्या तळाखालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा काढण्यात आला. २०१४ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. हेवर्ड भ्रंश जेथे वाहिनीला छेदतो तेथे पाइप जमिनीत घट्ट गाडण्याऐवजी काँक्रीटच्या तुकड्यांच्या लांब कोठडीत मोकळा ठेवला असून त्याला वळू शकणारे आणि लांबू शकणारे सांधे दिले आहेत, म्हणजे भ्रंशाच्या दोन बाजू सुमारे दोन मीटर सरकल्या तरी पाइप न फुटता त्यांच्यासोबत सरकावा. कॅलावेरास भ्रंशाच्या शेजारी असलेले जुने धरण सुरक्षित नसल्याने त्याच्या जागी खालच्या बाजूला नवे धरण बांधण्यात आले.

या कार्यक्रमातील अभियांत्रिकीपेक्षा नियोजनाच्या दृष्टीने अधिक अनुकरणीय आहे ती त्याची उद्दिष्टे लिहिण्याची पद्धत. ‘व्यवस्था भूकंपरोधक करणे’ असे मोघम ध्येय ठेवलेले नाही. मोठ्या भूकंपानंतर २४ तासांत हिवाळ्यातील मागणीइतके मूलभूत पाणी प्रत्येक विभागातील किमान ७० टक्के जोडबिंदूंपर्यंत (मुख्य वाहिनीतून स्थानिक जाळ्यांत पाणी जाते त्या जागांपर्यंत) पोहोचले पाहिजे आणि ३० दिवसांत सरासरी दैनंदिन मागणी भागली पाहिजे, असे ठरवून त्यावरून मागे मोजत कोणती वाहिनी, कोणता बोगदा आणि कोणता व्हॉल्व्ह सुधारायचा हे काढले गेले. यात कबुलीही आहे : उरलेल्या ३० टक्के जोडबिंदूंना पहिल्या दिवशी पाणी मिळेलच असे नाही, हे आधीच मान्य केलेले आहे. १९०८ च्या अशक्त क्षेत्रांप्रमाणेच येथेही काय सोडायचे याचा निर्णय संकट येण्यापूर्वी झालेला आहे, आणि या वेळी त्याला घड्याळही जोडलेले आहे.

एक प्रश्न मात्र अद्याप उघडा आहे. १९१३ चे जाळे शहराच्या तेव्हाच्या वस्तीप्रमाणे मुख्यतः पूर्व आणि ईशान्य भागांत बांधले गेले. सनसेट आणि रिचमंड यांसारखे पश्चिमेकडील, दाट लाकडी घरांचे भाग नंतर वसले आणि त्यांच्या बहुतांश भागांत हे जाळे नाही. २०१९ मध्ये शहराच्या नागरी ग्रँड ज्युरीने, म्हणजे पालिकेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, याकडे ठामपणे लक्ष वेधले. आयोगाने पश्चिमेसाठी मांडलेली योजना पिण्यायोग्य पाण्याच्या उच्चदाब वाहिनीची आहे, म्हणजे भूकंपानंतर आधी आगीसाठी आणि आग विझल्यावर पिण्यासाठी तीच वाहिनी वापरता येईल. टीकाकारांचे म्हणणे असे की जलाशयातील साठा मर्यादित आहे आणि शेजारी अथांग समुद्र असताना खाऱ्या पाण्याची उदंचन केंद्रे का बांधू नयेत. खाऱ्या पाण्याने पाइप आणि पंप लवकर झिजतात, पण साठा कधी संपत नाही. गोड्या पाण्याच्या वाहिनीचा रोज उपयोग होतो, म्हणून तिची देखभाल आपोआप होते, पण मोठ्या आगीत तिचा साठा अपुरा पडू शकतो. माझा कल दुहेरी उपयोगाच्या वाहिनीकडे आहे, तीही समुद्राचे पाणी आपत्काळात जोडता येईल अशी सोय ठेवून. मात्र खारे की गोडे या वादात पश्चिमेच्या वाळूच्या टेकड्यांखाली ही वाहिनी कोठे फुटण्याची शक्यता आहे, तिचे अलग करणारे व्हॉल्व्ह नेमके कोठे बसतील, आणि दाब अचानक पडल्यापासून किती मिनिटांत, कोणाच्या अधिकाराने ते बंद होतील, हे प्रश्न मागे पडू नयेत.